सामन्यानंतरचा दिवस

बाजारपेठेत आठवड्याच्या सुट्टीला दुकान बंद असले, तरी आतले काम थांबलेले नसते. मालाची मोजदाद होते, रोजमेळ तपासला जातो, उधारीची वही चाळली जाते, संपत आलेल्या मालाची यादी तयार होते. त्या दिवशी एका पैशाची विक्री होत नाही. पण पुढील सहा दिवसांची विक्री त्याच दिवसावर उभी असते. व्यापारी कुटुंबाला हे सांगावे लागत नाही. मात्र त्याच घरातील मूल फुटबॉल खेळू लागले, की त्याच्या विश्रांतीच्या दिवसाकडे घर या दृष्टीने पाहत नाही.

रविवारी सामना झालेला असतो. सोमवार मोकळा आहे, असे सगळे धरून चालतात आणि तो दिवस दोनपैकी एका प्रकाराने वाया जातो. पहिल्या प्रकारात त्या दिवसावर सगळी राहिलेली कामे येऊन पडतात. सकाळी जादा शिकवणी, दुपारी गल्ल्यावर बसणे, संध्याकाळी मित्रांबरोबर टर्फवर ‘थोडेसे’ खेळणे आणि रात्री नात्यातल्या लग्नाचा स्वागतसमारंभ. दुसऱ्या प्रकारात मूल दिवसभर अंथरुणावर लोळत मोबाइल पाहते, जेवणाची वेळ चुकवते आणि रात्री उशिरापर्यंत जागते. पहिल्यात उद्योग आहे, दुसऱ्यात आळस आहे. विश्रांती दोहोंतही नाही.

सराव प्रशिक्षक घेतो आणि सामना संघ खेळतो. विश्रांतीचा दिवस मात्र घरात पार पडतो, म्हणून त्याची जबाबदारी घराची आहे. जैन कुटुंबात ही जबाबदारी अधिक बारकाईने पार पाडावी लागते. कारण तेथे आहाराला वेळेची मर्यादा आहे, उपवासाच्या तिथी आहेत आणि काही पदार्थ मुळातच वर्ज्य आहेत.

शरीरात काय घडते

मोठ्या स्पर्धांतील खेळाडू ९० मिनिटांच्या सामन्यात साधारण १० ते १२ किलोमीटर अंतर कापतो. हे अंतर सरळ धावण्याचे नसते. वेगाने सुटणे, अचानक थांबणे, वळणे, उडी मारणे, धक्का सोसणे हे सगळे त्यात असते. त्यातही थांबताना आणि उतरताना स्नायूंवर पडणारा ताण विशेष असतो. स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, त्यांतील ग्लायकोजेन नावाचा इंधनाचा साठा बराचसा संपतो आणि घामावाटे पाणी व क्षार निघून जातात.

पाणी काही तासांत भरून काढता येते. इंधनाचा साठा पूर्ववत होण्यास, योग्य आहार मिळाला तरी, दोन ते तीन दिवस लागू शकतात. स्नायूंची दुखण सामन्याच्या दिवशी फारशी जाणवत नाही. ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते आणि मग ओसरते. या काळात शरीर झीज भरून काढतेच, शिवाय पुढचा ताण सोसण्यासाठी स्वतःला पूर्वीपेक्षा थोडे बळकट करते. सरावाने शरीराला केवळ मागणी कळते; ती मागणी विश्रांतीच्या काळात पुरवली जाते. विश्रांती काढून घेतली, तर सरावाचे फळही हाती येत नाही.

याची किंमत किती असते, हे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले. युरोपातील एका व्यावसायिक संघाच्या ३२ खेळाडूंची दोन हंगामांतील नोंद त्यात तपासली होती. आठवड्यात एक सामना खेळला, तेव्हा दर १,००० तासांमागे ४.१ दुखापती झाल्या. आठवड्यात दोन सामने खेळले, तेव्हा हे प्रमाण २५.६ वर गेले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. दोन सामन्यांच्या आठवड्यातही खेळाडूंचे धावण्याचे अंतर आणि वेग यांत फारसा फरक पडलेला नव्हता. म्हणजे बाहेरून खेळाडू ताजातवाना दिसत होता, आतून मात्र तो दुखापतीच्या जवळ गेलेला होता. ‘पोरगा तर छान धावतोय, त्याला कसली विश्रांती हवी?’ या प्रश्नाचे उत्तर या आकड्यांत आहे.

एका कर्णधाराची गोष्ट

विश्रांतीचा दिवस कसा घालवला जातो यावर खेळाडूचे आयुष्य कसे वळते, हे इंग्लंडमधील आर्सेनल संघाच्या इतिहासात स्पष्ट दिसते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी जॉर्ज ग्रॅहम यांच्या व्यवस्थापनाखाली हा संघ नावारूपास आला. १९८९ आणि १९९१ साली त्याने इंग्लंडची लीग जिंकली. मंगळवारी कठोर सराव असे आणि बुधवारी सुट्टी. त्यामुळे मंगळवारी सराव संपला की खेळाडूंची एक टोळी मद्यालयात जाई आणि सुट्टीचा उपयोग नशा उतरवण्यासाठी होई. या प्रघाताला ‘ट्यूजडे क्लब’ असे नावही पडले होते. संघ जिंकत होता, त्यामुळे त्यात काही गैर आहे असे कोणाला वाटत नव्हते.

या टोळीत संघाचा तरुण कर्णधार टोनी अ‍ॅडम्स होता. डिसेंबर १९९० मध्ये मद्यपान करून मोटार चालवल्याबद्दल त्याला तुरुंगवासाची शिक्षा झाली. तरीही सवय सुटली नाही. अखेर सप्टेंबर १९९६ मध्ये त्याने आपण मद्यासक्त असल्याचे जाहीरपणे मान्य केले. त्याच सुमारास, ऑक्टोबर १९९६ मध्ये, जपानमधील नागोया ग्रॅम्पस एट या संघाकडून आलेले आर्सेन वेंगर आर्सेनलचे व्यवस्थापक झाले. त्यांनी सरावाची वेळ घड्याळ लावून मोजली, खेळाडूंच्या ताटातील तळलेले पदार्थ व गोड कमी करून उकडलेल्या भाज्या आणल्या, अंग ताणण्याचे व्यायाम आणि मालीश यांना दिनक्रमात स्थान दिले. सरावाबाहेरचे तास हेदेखील खेळाचेच तास आहेत, हा त्या बदलाचा गाभा होता.

१९९७–९८ च्या हंगामात अ‍ॅडम्सला घोट्याच्या दुखण्याने जेरीस आणले. त्याला तसेच रेटत खेळवण्याऐवजी वेंगर यांनी काही आठवडे मैदानापासून दूर, दक्षिण फ्रान्समध्ये शरीर पूर्ववत करण्यासाठी पाठवले. तो परतला आणि त्याच हंगामात आर्सेनलने लीग व एफ. ए. कप ही दोन्ही विजेतेपदे मिळवली. ३ मे १९९८ रोजी एव्हर्टनविरुद्ध ४–० असा विजय मिळवून लीग निश्चित झाली, त्या सामन्यातील शेवटचा गोल अ‍ॅडम्सचा होता. पुढे २००२ सालीही संघाने दोन्ही विजेतेपदे पुन्हा जिंकली, तेव्हा ३५ वर्षांचा अ‍ॅडम्स कर्णधार होता. २००० साली त्याने व्यसनात अडकलेल्या खेळाडूंसाठी ‘स्पोर्टिंग चान्स’ ही संस्था उभी केली.

सप्तव्यसनांचा त्याग ज्या घरात लहानपणापासून शिकवला जातो, त्या घरातील खेळाडू या बाबतीत पुढे असतो. मोठ्या संघांना जे उशिरा शिकावे लागले, ते त्याच्याकडे वारशाने आलेले असते. पण केवळ मद्य नसणे म्हणजे विश्रांती असणे नव्हे. रात्री दीडपर्यंत मोबाइलवर सामने पाहणे किंवा ऑनलाइन खेळात गुंतणे याने मद्याइतकी हानी होत नसली, तरी झोपेतून व्हायची दुरुस्ती मात्र तेही लांबणीवर टाकतेच.

दिवसाची आखणी

सामन्यानंतरच्या पहिल्या दिवशी शरीर पूर्ण थांबवण्याची आवश्यकता नसते. सकाळी किंवा संध्याकाळी २० ते ३० मिनिटे सावकाश चालणे अथवा कमी वेगाने सायकल चालवणे पुरेसे असते. चालताना सहज बोलता आले पाहिजे. धाप लागली, तर ती विश्रांती राहत नाही. मंदिर पंधरा मिनिटांच्या अंतरावर असेल, तर दर्शनासाठी पायी जाऊन येण्यातच हा व्यायाम होऊन जातो. त्यानंतर मांड्या, पोटऱ्या आणि कंबर यांना हलका ताण द्यावा. दुखेपर्यंत ताणू नये. सौम्य मालीश चालते. रगडून केलेली मालीश त्या दिवशी टाळावी. बर्फाच्या पाण्यात बसण्याची मोठ्या खेळाडूंची पद्धत मुलांनी उचलण्याचे कारण नाही. तिने दुखणे थोडे कमी वाटते, पण झोप आणि आहार यांची जागा ती घेऊ शकत नाही.

आठवड्यातील आणखी एक दिवस पूर्ण मोकळा असावा. त्या दिवशी चेंडूला पाय लागू नये. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने मुलांना आठवड्यातून किमान एक ते दोन दिवस संघटित खेळापासून सुट्टी द्यावी आणि वर्षातून दोन ते तीन महिने त्या एका खेळापासून दूर ठेवावे, असे सुचवले आहे. आणखी एक सोपे माप पालकांनी ध्यानात ठेवावे. मुलाचे वय जितके वर्षे, त्याहून अधिक तास आठवड्यात संघटित खेळाचे होऊ नयेत. बारा वर्षांच्या मुलाचा शाळेचा संघ, अकादमी आणि गल्लीची स्पर्धा यांची बेरीज पंधरा तास होत असेल, तर त्यातले काही तरी सोडले पाहिजे.

दुकानातील मदतीचा प्रश्न व्यापारी घरात येतोच. मुलाने व्यवहार शिकावा यात गैर काही नाही. बसून तासभर हिशेब पाहणे विश्रांतीच्या दिवशी चालते. सहा तास काउंटरमागे उभे राहणे किंवा मालाची पोती उतरवणे मात्र पायांच्या दृष्टीने सरावच आहे.

झोपेची बाब याहून महत्त्वाची. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप लागते. दुकान रात्री साडेनऊला बंद करून घरी आलेल्या वडिलधाऱ्यांचा दिवस तेव्हा खऱ्या अर्थाने मोकळा होतो. गप्पा, दूरदर्शन, पाहुणे यांत मध्यरात्र होते आणि मूलही जागे राहते. सकाळी सहाला शाळेची बस येते. सामन्यानंतरच्या दोन रात्री तरी मुलाची खोली दहाच्या आत शांत व्हावी, एवढा बदल घराने करण्यासारखा आहे. दुपारी २०–३० मिनिटांची डुलकी उपयोगी असते. दोन तासांची झोप रात्रीची झोप मोडते.

दुखणे आणि दुखापत

विश्रांतीचा दिवस शरीर तपासण्याचाही दिवस आहे. स्नायूंची साधी दुखण बहुधा दोन्ही पायांत असते, थोडे चालल्यावर सैल पडते आणि तीन दिवसांत ओसरते. दुखापत एका जागी बोट ठेवून दाखवता येते, चालल्याने वाढते, तेथे सूज येते किंवा मूल लंगडते. १० ते १५ या वयात गुडघ्याच्या वाटीखालील हाडाच्या उंचवट्यावर दुखणे आणि त्याहून थोड्या लहान वयात टाचेच्या मागे दुखणे वारंवार आढळते. हाडे भराभर वाढत असताना स्नायूंचा ताण वाढीच्या जागेवर पडल्याने हे होते. हे दुखणे घाबरण्यासारखे नसले, तरी अंगावर काढण्यासारखेही नसते. सराव कमी करणे हाच त्यावरचा मुख्य उपाय असतो. वेदनाशामक गोळी देऊन मुलाला मैदानात उतरवणे म्हणजे तुटीचा आकडा खोडून ताळेबंद जुळवण्यासारखे आहे. दोन-तीन दिवसांत फरक न पडल्यास अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे.

सूर्यास्ताआधीचे ताट

आता जैन घरापुढील सर्वांत कठीण प्रश्न. डिसेंबरमध्ये कोल्हापूर, सांगली किंवा मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. दुपारी चारला सुरू झालेला सामना मध्यांतर धरून पावणेसहा–सहापर्यंत चालतो. खेळाडू चौविहार करणारा असेल, तर त्याच्या हाती उरतात जेमतेम काही मिनिटे. नंतर थेट दुसऱ्या दिवशी, आणि नवकारसी असेल तर सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी, त्याच्या पोटात अन्नपाणी जाते. ज्या तासांत शरीर इंधन सर्वांत वेगाने भरून घेते, तेच तास कोरडे जातात.

यावर उपाय आहेत, पण ते आधी ठरवावे लागतात. सामन्याच्या दिवशी दुपारचे जेवण खेळाच्या तीन तास आधी पोटभर व्हावे. मैदानाच्या कडेला घरचे कोणी डबा घेऊन उभे असावे. केळी, खजूर, राजगिऱ्याचा लाडू, दूध आणि उकळून गार केलेल्या पाण्यात लिंबू, साखर व मीठ एवढ्यावर काम भागते. खेळापूर्वी व नंतर वजन केल्यास घाम किती गेला हे कळते. एक किलो वजन घटले असेल, तर सुमारे सव्वा ते दीड लिटर पाणी भरून काढायचे असते. ते सूर्यास्तापूर्वी शक्य झाले नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळपासून थोडे थोडे भरून काढावे. चौविहाराऐवजी पाण्याची मोकळीक असलेला तिविहार सामन्याच्या दिवसांपुरता घ्यावा काय, हा निर्णय प्रत्येक घराच्या परंपरेचा आहे. तो गुरुमहाराजांना अथवा साध्वीजींना विचारून घ्यावा, म्हणजे मुलाच्या मनात अपराधाची भावना राहत नाही.

येथेच विश्रांतीच्या दिवसाचे मोल कळते. आदल्या संध्याकाळी जे राहिले, ते या दिवसाच्या उजेडात भरून काढता येते. ‘आज खेळ नाही, मग एवढे कशाला खायचे?’ हा समज चुकीचा आहे. युरोपीय फुटबॉलची नियामक संस्था युएफा हिने नेमलेल्या आहारतज्ज्ञांच्या गटाने सामन्याच्या आदल्या दिवशी आणि सामन्याच्या दिवशी जितके पिष्टमय अन्न सांगितले आहे, तितकेच सामन्यानंतरच्या दिवशीही सांगितले आहे. भात, पोहे, ज्वारी-बाजरीची भाकरी, गव्हाची पोळी, फळे यांनी ही गरज भागते. बटाटा, रताळे नसल्याने खेळाडूचे काही अडत नाही.

प्रथिनांसाठी याच गटाने प्रौढ व्यावसायिक खेळाडूंना रोज शरीराच्या प्रत्येक किलोमागे १.६ ते २.२ ग्रॅमचे प्रमाण दिले आहे. खालची मर्यादा धरली, तरी ५० किलो वजनाच्या खेळाडूस ८० ग्रॅम होतात. हा आकडा ऐकून अनेक पालक डब्यातल्या पावडरीकडे वळतात. घरातील ताटाचा हिशेब मात्र असा मांडता येतो: दिवसभरात मिळून १०० ग्रॅम कोरड्या डाळी-कडधान्यांतून सुमारे २३ ग्रॅम, अर्धा लिटर दुधातून १६, ५० ग्रॅम पनीरमधून ९, मूठभर शेंगदाण्यांतून ८ आणि ३०० ग्रॅम धान्यातून सुमारे २८. बेरीज ८४ होते. मोड आलेले कडधान्य वर्ज्य मानणाऱ्या घरात भिजवून शिजवलेले मूग, मटकी, हरभरा चालतो. द्विदलाचा नियम पाळणाऱ्यांनी डाळ आणि दही वेगवेगळ्या वेळी ठेवावे. उलट त्याने प्रथिने दिवसभरात विभागली जातात आणि शरीराला तेच सोयीचे असते.

बाजारातील पूरक पदार्थ घ्यायचेच झाले, तर वेष्टनावरील हिरवी खूण पाहावी आणि घटकांची यादी वाचावी. कॅप्सूलच्या आवरणात व जेलीच्या गोळ्यांत जिलेटिन, काही पदार्थांत माशाचे तेल, तर काहींत मध असतो. शाकाहारी खेळाडूंत ब-१२ जीवनसत्त्वाची आणि मुलींमध्ये लोहाची कमतरता आढळते. हंगामापूर्वी रक्ततपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्याने ती भरून काढावी. सतत थकवा आणि घसरत जाणारा खेळ यांचे कारण पुष्कळदा आळसात नसून रक्तात सापडते.

उपवास आणि सामना

शालेय फुटबॉलच्या जिल्हा स्पर्धा, १९६० पासून चालत आलेल्या सुब्रतो कपच्या फेऱ्यांसह, बहुधा पावसाळ्यात होतात. चातुर्मासही तेव्हाच असतो. अष्टमी-चतुर्दशी, पर्युषण किंवा दशलक्षण पर्व आणि उपांत्य सामना एकाच दिवशी येणे हा अनेक घरांचा अनुभव असतो. अशा वेळी कोंडी होते ती मुलाची. उपवास आहे हे प्रशिक्षकाला सांगितले तर संघातून वगळतील, आणि खेळायचे आहे हे आजीला सांगितले तर तिला वाईट वाटेल. मग एक मूल उपाशीपोटी, कोणालाही न सांगता, भर दुपारी मैदानात उतरते आणि भोवळ येऊन पडते. दुसरे शाळेच्या भिंतीआड बिस्किटे खाऊन घरी उपवास असल्याचे सांगते. पहिल्याच्या जिवाला धोका आहे आणि दुसऱ्याच्या सत्याला. दोन्ही प्रसंग मोठ्यांनी मोकळेपणाने बोलण्याने टळू शकतात.

नियम सोपा ठेवावा. ज्या दिवशी उपवास, तो दिवस विश्रांतीचा. त्या दिवशी सराव नाही, सामना नाही, उन्हात धावणे नाही. पारण्यानंतर एक दिवस हलके चालणे आणि मग सराव. अठ्ठाईसारखी दीर्घ तपश्चर्या वाढत्या वयाच्या खेळाडूने करायची इच्छा धरली, तर ती हंगामाबाहेर, वैद्यकीय सल्ल्याने आणि त्यानंतर निदान एक-दोन आठवडे हळूहळू परतण्याची तयारी ठेवून करावी. तपाला शरीराचा मान राखावा लागतो. सामन्याच्या ईर्ष्येत केलेला उपवास ना धड तप होतो, ना धड खेळ.

धर्माचरण आणि फुटबॉल यांचा मेळ बसतो, याचे एक उदाहरण जगाने पाहिले आहे. २६ एप्रिल २०२१ रोजी इंग्लंडमध्ये लेस्टर सिटी आणि क्रिस्टल पॅलेस यांचा सामना होता. रमजानचे रोजे सुरू होते आणि सूर्यास्त पहिल्या अर्धातच येत होता. दोन्ही संघ व पंच यांनी आधीच ठरवले होते. अर्ध्या तासानंतर चेंडू बाहेर गेला, पॅलेसच्या गोलरक्षकाने गोलकिक घेण्यास जरा वेळ लावला आणि तेवढ्यात लेस्टरचा वेस्ली फोफाना व पॅलेसचा शेखू कुयाते यांनी रोजा सोडला. कोणाचा खेळ बिघडला नाही. हे घडले, कारण कोणी तरी आधी जाऊन विचारले होते. जैन पालकांनीही हंगामाच्या आरंभी प्रशिक्षकाकडे तिथींची यादी द्यावी, चौविहाराची वेळ सांगावी, सराव शक्य तेथे सकाळी ठेवण्याची विनंती करावी. प्रशिक्षकाला पंचांग ठाऊक नसते; सांगितले, तर तो विश्रांतीचा दिवस तिथीला जुळवून ठेवू शकतो.

तालमीची शिकवण

कोल्हापुरात फुटबॉल हा पेठांचा खेळ आहे. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा अशा तालमींच्या नावाने संघ उतरतात आणि शाहू स्टेडियम भरून जाते. तालीम हा मुळात कुस्तीचा शब्द. जुना वस्ताद पहिलवानाकडून मेहनत करून घेई, तितक्याच कसोशीने त्याच्या खुराकावर, मालीशीवर आणि झोपेवर लक्ष ठेवी. मेहनत, खुराक आणि आराम या तिघांपैकी एक ढिले पडले, की उरलेली दोन वाया जातात, हे तेथे पुस्तकाशिवाय शिकवले जाई. आज फुटबॉलच्या मैदानावर मेहनत पुष्कळ दिसते. उरलेली दोन घराच्या हाती आहेत.

जैन घराकडे त्यासाठीची साधने आधीपासून आहेत. ठरल्या वेळी जेवणे, मोजके बोलणे, ४८ मिनिटे एका जागी स्थिर बसून सामायिक करणे, ही आचरणे आत्मशुद्धीसाठी आहेत. खेळासाठी त्यांची योजना झालेली नाही, आणि ती तशी मानूही नये. परंतु ज्या मुलाला पाऊण तास मोबाइलशिवाय शांत बसण्याची सवय आहे, त्याला विश्रांती म्हणजे काय हे निराळे शिकवावे लागत नाही. शास्त्रांनी निषेध केला आहे तो प्रमादाचा, म्हणजे बेसावधपणाचा. सावधपणे घेतलेली विश्रांती त्यात मोडत नाही.

हंगाम सुरू होण्यापूर्वी एका संध्याकाळी घरातील सर्वांनी दिनदर्शिका समोर घेऊन बसावे. सामन्यांचे दिवस, तिथी आणि परीक्षा एका खाली एक लिहाव्यात. प्रत्येक सामन्यानंतरचा दिवस आणि आठवड्यातील एक पूर्ण मोकळा दिवस यांवर खूण करावी. त्या खुणेच्या दिवशी दुकानाचे काम, शिकवणी व समारंभ कोणी सांभाळायचे, डबा कोणी न्यायचा, दिवे किती वाजता मालवायचे, हे तेव्हाच ठरवावे. आणि आजी-आजोबांनाही त्या बैठकीत बसवावे. तिथी त्यांना पाठ असतात, आणि नातवाच्या गुडघ्याची काळजीही त्यांनाच सर्वांत अधिक असते.